दोरा बांधला, नोंद कुठंय?

घनसावंगीहून अंबडच्या रस्त्याला लागलं की भिंतींवर एक जाहिरात पुन्हा पुन्हा भेटते. मूळव्याध, भगंदर, विनाऑपरेशन, खात्रीशीर इलाज. खाली मोबाइल नंबर. पदवी लिहिलेली नसते, दवाखान्याचा पत्ता नसतो. तरी त्या नंबरला फोन लागतात, कारण हा आजार माणूस बायकोलाही सांगत नाही. आपली लाज हेच त्या भिंतीवरच्या माणसाचं भांडवल आहे.

माझ्या चुलत्यांनी भगंदर दोन वर्षं लपवला. एसटीत सीट रिकामी असली तरी ते उभे राहायचे, पाय मोकळे होतात म्हणायचे. धोतराला डाग दिसले तेव्हा घरात कळलं. आधी ते भिंतीवरच्या नंबराकडं गेले. त्यानं काहीतरी जाळणारं औषध लावलं आणि चुलते पंधरा दिवस पालथे पडून राहिले. मग शहरात ऑपरेशन झालं. जखम महिन्यात भरली, घरात पेढे वाटले. दहा महिन्यांनी त्याच जागी पुन्हा फोड, पुन्हा पू. शेवटी एका वैद्यांनी क्षारसूत्र, म्हणजे औषधाचे लेप दिलेला दोरा, बांधलं. दर आठवड्याला दोरा बदलायला जायचं, असे नऊ आठवडे गेले. त्याला आता सहा वर्षं झाली. त्रास नाही.

आयुर्वेद जिंकला, असं सांगायला मी ही गोष्ट काढलेली नाही. पुढचा भाग महत्त्वाचा आहे. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडं चुलते परत गेलेच नाहीत. माणूस नाराज झाला की दुसऱ्या डॉक्टरची वाट धरतो, पहिल्याला सांगत बसत नाही. त्यामुळं पहिल्या डॉक्टरांच्या लेखी हा पेशंट आजही बरा झालेला आहे. ज्यांनी दोरा बांधला, त्यांनीही शेवटचा दोरा गळून पडल्यावर एकदाही विचारलं नाही की बाबा, आता कसं आहे. त्यांच्या लेखीही बरा. भिंतीवरचा तर विचारणारच नव्हता. एक माणूस तिघांच्या हिशेबात बरा झालेला, आणि तिघांपैकी एकाच्याही वहीत त्याचं पुढं काय झालं याची ओळ नाही.

औषध कुठल्या शास्त्रातलं, हा प्रश्न नंतरचा. पेशंटला परत बोलावून पाहिलं का, हा पहिला. घनसावंगीत बसून मला आयुर्वेदाबद्दल आणि आधुनिक वैद्यकाबद्दल एवढाच एक प्रश्न विचारायचा आहे, आणि तो मी दोघांनाही तेवढ्याच जोरानं विचारणार आहे.

आधी दोऱ्याचं बोलू, कारण त्याची नोंद एकदा कुणीतरी नीट ठेवली आहे.

भगंदर म्हणजे गुदद्वाराच्या आतल्या एखाद्या ग्रंथीत पू होतो, तो बाहेरच्या कातडीपर्यंत वाट काढतो आणि ती वाट बुजत नाही. नळी तयार होते. ती उघडी करायची तर वाटेतला स्नायू कापावा लागतो. जास्त कापला तर शौचावरचा ताबा जाण्याची भीती, आणि नळीचा एखादा फाटा आत राहिला तर दुखणं परत. चांगल्या सर्जनचीही इथं कसोटी लागते. सुश्रुतसंहितेत अशा नाडीव्रणासाठी क्षार लावलेला दोरा सांगितला आहे आणि अकराव्या शतकातल्या चक्रदत्त या ग्रंथात तो थोराच्या चिकानं आणि हळदीनं माखायला सांगितला आहे. दोरा नळीतून ओवून गाठ मारतात. तो हळूहळू कापत जातो आणि मागून जखम भरत येते. साधारण आठवड्याला एक सेंटिमीटर. एकदम चिरा न पडल्यामुळं स्नायूची टोकं एकमेकांपासून लांब ओढली जात नाहीत.

आज वापरतात त्या दोऱ्याची कृती ठरलेली आहे. लिननचा २० नंबरचा दोरा, त्यावर एकूण २१ लेप. पहिले ११ नुसत्या थोराच्या चिकाचे, पुढचे ७ चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे, शेवटचे ३ चीक आणि हळदीचे. एक लेप वाळला की दुसरा. थोर आमच्या बांधाला आहे, आघाडा श्रावणात पत्री म्हणून दारात येतो, हळद तर चुलीशेजारीच असते. पण तीन वस्तू घरात आहेत म्हणून दोरा घरी होत नाही. लेप कमी पडला तर कापत नाही, क्षार जास्त झाला तर भाजतो. भिंतीवरच्या माणसानं चुलत्यांना लावलं ते बहुधा असलंच काहीतरी अंदाजपंचे असणार.

हा दोरा ग्रंथातून पुन्हा दवाखान्यात आणण्याचं काम बनारस हिंदू विद्यापीठात १९६०च्या दशकात झालं. त्यात डॉ. पी. जे. देशपांडे यांचं नाव मोठं आहे. १९७३ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०० रुग्णांचा आढावा अमेरिकेतल्या गुदरोगाच्या नियतकालिकात छापला. ऋषींनी सांगितलंय म्हणून माना, असं ते म्हणाले नाहीत. किती जणांना बांधला, किती बरे झाले, किती परत आले, ते त्यांनी परक्या सर्जनांपुढं ठेवलं. आयुर्वेदावर प्रेम असलेल्या माणसानं करायचं काम हे असतं.

त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, हा प्रश्न हातात घेतला. अनेक केंद्रांवर मिळून ५०२ रुग्ण. कुणाला दोरा आणि कुणाला ऑपरेशन हे डॉक्टरनं ठरवायचं नाही, पेशंटनंही नाही. चिठ्ठी काढावी तसं ते ठरलं. नाहीतर सोपे पेशंट आपल्याकडं आणि अवघड पेशंट दुसऱ्याकडं जातात, आणि मग निकाल काहीही काढता येतो. २६५ जणांना दोरा, २३७ जणांचं ऑपरेशन. १९९१ मध्ये निष्कर्ष छापून आले. भगंदर परत होण्याचं प्रमाण दोऱ्यात १०० मागं ४, ऑपरेशनमध्ये ११. जखम भरायला दोऱ्याला ८ आठवडे, ऑपरेशनला ४.

दोन ओळी आहेत, दोन्ही एकत्र वाचायच्या आहेत. आमच्याकडं वैद्य पहिली ओळ सांगतात आणि थांबतात. सर्जन दुसरी सांगतात, तीही फारच थोडे. जो माणूस दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणार आहे, ज्यानं मुकादमाची उचल घेतलेली आहे, त्याला ८ आणि ४ मधला फरक म्हणजे महिन्याची मजुरी आहे. आणि ज्याला हाच त्रास परत नको आहे त्याला ४ आणि ११ मधला फरक म्हणजे पुढचं सगळं आयुष्य आहे. निवड त्याची आहे. पण त्याच्यापुढं हे चार आकडे कुणी मांडलेत? ३० वर्षांहून जास्त काळ ते छापलेले आहेत, घनसावंगीच्या एका माणसाला ते दवाखान्यात कुणी सांगितल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

आणखी एक गोष्ट वैद्यमंडळींनी मनावर घ्यावी. नळीत दोरा घालून कापत नेण्याची युक्ती ग्रीकांनाही ठाऊक होती. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रंथात भगंदरासाठी दोरा येतो, आणि आजचे सर्जनही साधा दोरा घालतात, त्याला सेटन म्हणतात. तेव्हा दोरा आमचाच, हा अभिमान पुरेसा नाही. थोर, आघाडा आणि हळदीमुळं नेमका किती फरक पडतो, हे साध्या दोऱ्याशेजारी ठेवून पुनःपुन्हा मोजायला पाहिजे. फरक पडत असेल तर जगाला द्या.

नोंद नसली की काय होतं, याचं उदाहरण पुण्याचंच आहे. कावसजी नावाचा मराठा शेतकरी घरातला माणूस इंग्रजी फौजेत बैल हाकायचा. १७९२च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक आणि एक हात तोडला गेला. वर्षभरानं पुण्याजवळच्या एका माणसानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवीन नाक बसवलं. शस्त्रक्रिया करणारा विटा करणाऱ्यांच्या जातीतला होता. क्रूसो आणि फिंडले या मुंबईच्या इंग्रज डॉक्टरांनी ती पाहिली, जेम्स वेल्स या चित्रकारानं कावसजीचं चित्र काढलं, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये सगळी हकीकत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जननं १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. जगातली आधुनिक प्लास्टिक सर्जरी या घटनेचं नाव आदरानं घेते.

कावसजीचं नाव राहिलं, पाहणाऱ्यांची राहिली, चित्रकाराचं राहिलं. ज्यानं नाक बसवलं त्याचं नाव कुठंच नाही. सुश्रुतानं गालाची कातडी घ्यायला सांगितली होती. पुण्याच्या माणसानं कपाळाची घेतली. म्हणजे मधल्या शतकांत कुणीतरी, कुठंतरी, काहीतरी शिकून हा बदल केला. किती चुकले असतील, किती नाकं सडली असतील, मग कपाळाची कातडी चांगली टिकते हे कळलं असेल. ते सगळं शहाणपण त्या माणसांबरोबर मातीत गेलं. आपण २०० वर्षं सुश्रुताचा जयजयकार करतोय, पण त्या विटकऱ्याच्या हातात जी विद्या होती तिची एक ओळ आपण लिहून ठेवली नाही. ती परक्यानं लिहिली, म्हणून तरी कळली.

आणि हे आम्ही त्या तालुक्यात बसून बोलतोय ज्यात जांब समर्थ आहे. १६०८ मध्ये रामदासांचा जन्म तिथला. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं काढावं, ओळी कशा असाव्यात, कागद, शाई, लेखणी कशी सांभाळावी, इतकं बारीक त्यांनी सांगून ठेवलंय. रामनवमीला आपण जांबला जाऊन डोकं टेकवतो. लिहायचं मात्र राहून जातं.

आता गुळवेलीकडं वळतो. ती तर प्रत्येक बांधावरच्या लिंबावर चढलेली आहे.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर या औषधशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. मराठी वाचक त्यांना झाडाफुलांवरच्या पुस्तकांमुळं ओळखतात. त्यांनी, डॉ. निर्मला रेगे यांनी आणि सर्जन डॉ. आर. डी. बापट यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी गुळवेल थेट शस्त्रक्रियेच्या वॉर्डात नेली. कर्करोगामुळं पित्तमार्ग तुंबून कावीळ झालेल्या माणसाचं ऑपरेशन फार जोखमीचं असतं, जंतुसंसर्ग होऊन माणूस जातो. अशा ३० रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. दोघांनाही नेहमीचे उपचार, प्रतिजैविकं, पित्त बाहेर काढण्याची नळी. एका गटाला त्या काळात गुळवेलीचा अर्कही, वजनाच्या दर किलोला रोज १६ मिलिग्रॅम. १९९३ मध्ये निकाल छापला. गुळवेल नसलेल्या गटात निम्म्या रुग्णांना रक्तात जंतुसंसर्ग झाला, गुळवेलीच्या गटात एकालाही नाही. ऑपरेशननंतर वाचलेले गुळवेल नसलेल्या गटात ४० टक्के, गुळवेलीच्या गटात ९२.४ टक्के.

हे वाचताना माझा ऊर भरून येतो, खोटं कशाला बोलू. पण रुग्ण ३० होते, हेही मला तेवढंच लक्षात ठेवायचं आहे. एवढ्यावर कुणी शस्त्रक्रियेचा नियम लिहीत नाही. मोठा अभ्यास करा, असं ते ३० रुग्ण सांगतात.

दुसरा अभ्यास पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांचा, २०१३ मध्ये छापलेला. गुडघेदुखीचे ४४० रुग्ण, २४ आठवडे, औषध कुठलं ते रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. गुळवेल, सुंठ, आवळा, सालई यांच्या अर्कांपासून बनवलेली औषधं ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिबच्या बरोबरीची ठरली. त्याच लेखात एक ओळ आहे: आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या ७ जणांच्या यकृताच्या तपासणीत एसजीपीटी वाढलेलं सापडलं, त्रास काही नव्हता, औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झालं. ही ओळ त्यांनी लपवली नाही. नियमित रक्त तपासलं म्हणून ती सापडली. आमच्या घरात काढा पिणाऱ्या कुणाचं रक्त तपासलं गेलं होतं?

तिसरा पुन्हा मुंबईचा. कोरोनाच्या पहिल्या वर्षी घराघरांत गुळवेल उकळत होती. घनसावंगीत तर लोक बांधावरून हातभर कांडं तोडून आणायचे, ठेचून पातेल्यात टाकायचे. किती वजनाचं, किती पाण्यात, किती दिवस, काही नाही. २०२०च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईत यकृताला सूज आलेले ६ रुग्ण सापडले, सगळ्यांनी गुळवेल घेतलेली. डॉ. आभा नागराल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ते छापलं. पुढं देशातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा. कितीतरी जणांमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटल्याची चिन्हं होती.

आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला: ती वेल गुळवेलच होती हे नीट ओळखलं होतं का? दिसायला सारखी दुसरी जात असू शकते. आक्षेप शास्त्राला धरून आहे, तो घ्यायलाच हवा होता. पण मग तोच आक्षेप उलटा आपल्या दारात येतो. मुंबईतल्या माणसाला चुकीची वेल मिळू शकते, तर आमच्या बांधावरची कोण ओळखणार? गुळवेल घ्या, असं घरोघरी सांगितलं गेलं तेव्हा कुठली, किती, किती दिवस, कुणी घेऊ नये, आणि डोळे पिवळे दिसले तर लगेच थांबवा, हे कुणी सांगितलं? केईएमच्या वॉर्डात मोजून दिलेला अर्क आणि आमच्या पातेल्यातलं कांडं यांचं नाव एक आहे, म्हणून ती एक वस्तू होत नाही.

यकृताच्या डॉक्टरांनी छापलं की 'आयुर्वेद बदनाम करण्याचं कारस्थान', आणि केईएमनं छापलं की 'बघा, पूर्वजांना सगळं माहीत होतं'. असं करणाऱ्यांचा मला राग येतो. दोन्ही कामं एकाच पद्धतीनं झालेली आहेत. केईएमचं मान्य असेल तर यकृताच्या डॉक्टरांचंही ऐकावं लागेल. तिकडं, आयुर्वेद म्हणजे सगळी भोंदूगिरी असं बैठकीत सांगणाऱ्या डॉक्टरांनीही १९९१चे ते चार आकडे एकदा मोठ्यानं वाचावेत.

कायदाही इथं ढिला आहे. प्रमाणग्रंथात आहे तसं, त्याच आजारासाठी औषध बनवलं तर परवाना देताना सुरक्षिततेचा नवा अभ्यास सहसा मागितला जात नाही. ग्रंथ जुना आहे हा पुरावा मानला जातो. ग्रंथाच्या काळी मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा माणूस काढा पीत नव्हता, आज पितो.

नोव्हेंबर २०२० मध्ये शल्य आणि शालाक्य शाखांच्या पदव्युत्तर आयुर्वेद विद्यार्थ्यांना ५८ शस्त्रक्रिया शिकवण्याची अधिसूचना निघाली, ३९ शल्याच्या आणि १९ डोळे-कान-नाक-घशाच्या. ११ डिसेंबरला आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेनं देशभर बंद पाळला. त्या भांडणात मी रोज पेपर वाचत होतो. पदवीवर बोलणं झालं, परंपरेवर झालं, हक्कावर झालं. या ५८ पैकी कुठल्या शस्त्रक्रियेत कुणाच्या हातून किती पेशंट बरे झाले, किती परत आले, हा हिशेब एकाही बाजूनं मांडलेला मला वाचायला मिळाला नाही.

आमच्याकडं हे भांडण तसंही हवेतलं आहे. इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, उपकेंद्रांत, १०८ च्या गाडीत भेटणारा डॉक्टर बहुतेक वेळा बीएएमएसच असतो. रात्री साप चावलेला माणूस त्याच्याच पुढं येतो, बाळंतीण त्याच्याच पुढं येते. या डॉक्टरांनी साडेपाच वर्षं शल्यतंत्र, द्रव्यगुण सगळं शिकलेलं असतं, आणि नोकरीत ते विचारणारं कुणी नसतं. त्यांच्या हातात सलाईन आणि पॅरासिटामॉल देऊन आपण मोकळे होतो.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस क्षारसूत्रासाठी ठेवा. नांदेडला आणि धाराशिवला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयं आहेत, तिथल्या शल्यतंत्र विभागांनी प्रशिक्षण द्यावं आणि ठरल्या कृतीचा तपासलेला दोरा पुरवावा. पहिला दोरा मोठ्या ठिकाणी बांधला तरी चालेल. दर आठवड्याला तो बदलायला आठ-नऊ वेळा एसटीनं शहर गाठायची वेळ पेशंटवर येऊ नये. नळी खोल असेल, फाटे असतील, तर सरळ घाटीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवा, त्यात कमीपणा कसला? आणि एक जाड वही ठेवा. गाव, वय, दोरा कधी बांधला, किती आठवडे लागले, ताबा शाबूत आहे का, सहा महिन्यांनी कसं, वर्षानं कसं. शेवटचे दोन रकाने आशाताईंच्या फोनवरून भरता येतात, त्यासाठी त्यांना वेगळा मोबदला द्या. याच वहीत पाठीमागून ऑपरेशन झालेल्यांचीही नोंद करा. वर्षाअखेरी ती वही भिंतीवर लावा, नावं झाकून, आकडे मोठे करून. तिथंच लावा, जिथं आता मोबाइल नंबर रंगवलेला आहे.

आणि वाचणाऱ्यांपैकी ज्यांना हे दुखणं झालेलं आहे, त्यांना हात जोडून सांगतो. दोरा बांधलेला असो की ऑपरेशन केलेलं असो, त्रास परत झाला तर गुपचूप दुसरा डॉक्टर गाठू नका. आधी पहिल्याकडं जा आणि त्याला सांगा की परत झालंय, लिहून घ्या. माझे चुलते सांगायला गेले नाहीत. मी त्यांना तेव्हा पाठवायला हवं होतं.